चिंचेवरची वटवाघळे, नीरा आणि निपाह

प्रश्न : गावातल्या जुन्या चिंचेवर दोनेकशे मोठी वटवाघळे आहेत. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह हा विषाणू सापडल्याचे कळल्यापासून झाड तोडा, अशी मागणी होते आहे. केरळातला आजार इकडे येईल का?
– एक वाचक, वाई तालुका

उत्तर : झाड तोडू नका. हुसकावलेला थवा नाहीसा होत नाही. दुसऱ्या वस्तीजवळ जाऊन लटकतो.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरला नमुने घेतले. काही वटवाघळांत निपाहची प्रतिपिंडे (पूर्वी लागण होऊन गेल्याची रक्तातली खूण) आणि अगदी मोजक्या नमुन्यांत विषाणूचे अंश आढळले. ती गुहेतली लहान वटवाघळे. तुमच्या चिंचेवरची बहुधा फळे खाणारी मोठी वटवाघळे असावीत. निपाहचे मुख्य घर तीच मानली जातात आणि ती भारतभर आहेत. म्हणजे विषाणू केरळातून चालत यायला हवा असे नाही. बघायचे ते एवढेच, की वटवाघळाची लाळ किंवा मूत आपल्या तोंडापर्यंत कशाने पोचते.

मलेशियात 1998-99 मध्ये हा विषाणू डुकरांमार्फत माणसांपर्यंत पोचला : गोठ्यांवर झुकलेल्या फळझाडांखालची उष्टी फळे डुकरांनी खाल्ली. म्हणून उष्टे फळ गुरांना, शेळ्यांनाही घालू नका. दात लागलेले फळ ‘तेवढा भाग कापून’ खाऊ नये, सरळ पुरावे. चांगले फळ धुऊन, सोलून खा. झाडाखालची घाण कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडा, मग हात साबणाने धुवा. साबणाने हा विषाणू मरतो.

प्रश्न : मग नीरा प्यावी का?

उत्तर : हा खरा कळीचा प्रश्न. बांगलादेशात खजुरीचा कच्चा रस हेच लागणीचे मोठे कारण ठरले आहे. शिंदीची नीराही तशीच रात्रभर झिरपते. नुसते मडक्याचे तोंड बांधून भागत नाही, कारण वटवाघूळ मडक्यात नव्हे, तर खोडावरच्या ताज्या छेदावर तोंड लावते आणि तिथेच मुतते. बांगलादेशात बांबूच्या पट्ट्यांचे झापड छेद, रसाची धार आणि मडके असे तिन्ही झाकून बांधतात. कॅमेरे लावून पाहिले, तेव्हा नीट बांधलेल्या झापडाने वटवाघळे रसापर्यंत पोचली नव्हती. मधे फट राहिली की मात्र सगळे व्यर्थ. रस उकळून गूळ केला तर धोका उरत नाही. पण उकळलेली नीरा नीरा राहत नाही, ही अडचण आहेच. झापड बांधल्याची खात्री नसेल, तर नीरा टाळा.

प्रश्न : लक्षणे किती दिवसांत?

उत्तर : साधारण 4 ते 14. ताप, डोकेदुखी, मग धाप लागणे किंवा बरळणे. 2018 मध्ये केरळातल्या कोझिकोडला बहुतेकांना लागण झाली ती वटवाघळांकडून नव्हे, तर दवाखान्यात, रुग्णांच्या सहवासातून. तेव्हा अशा रुग्णाजवळ मास्क-हातमोज्यांशिवाय बसू नका, आणि कच्चा रस, उष्टे फळ किंवा वटवाघळाशी संबंध आला असल्यास ते डॉक्टरांनी विचारण्याआधीच त्यांना सांगा.