कपाटावरचा स्पायडरमॅन

“मॅडम, नवं खेळणं आणलं की दोन दिवसांत त्याचं मन उडतं. तिसऱ्या दिवशी पुढच्याची मागणी तयार. आमचं काही चुकतंय, की मुलगाच हावरा झालाय?”

हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. दिवाळी आणि वाढदिवस उलटले की जास्तच. विचारताना आईबाबा जरा संकोचतात, कारण एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडे जायचं का, असं त्यांना वाटत असतं. पण त्यावरून घरात रोज रडारड आणि अबोला चालू असेल, तर ती गोष्ट एवढीशी राहत नाही. म्हणून एका घराची हकिकत सांगते. मुलाचं नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

अर्णव नऊ वर्षांचा. राहायला कोथरूडला. बाबा हिंजवडीला आयटी कंपनीत, आई बँकेत, घरी आजोबा. जूनमध्ये वाढदिवसाला त्याला स्पायडरमॅनचा लेगोचा, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा, सेट मिळाला, तीनशेच्या वर तुकड्यांचा. सहा महिने मागत होता. मिळाला त्या संध्याकाळी जेवायलाही उठला नाही, एका बैठकीत सगळा बांधला. मग आईचा फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि व्हिडिओत पाहिलेल्या मुलांसारखा त्याचा ‘रिव्ह्यू’ केला. तो कुठे टाकला नाही, फोनमध्येच राहिला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर पहिलं वाक्य: “आई, आता पुढचा कधी?”

पुढचा म्हणजे कोणता, हेही ठरलेलं होतं. स्पायडरमॅनच्या वर्तमानपत्राची ती ‘डेली ब्यूगल’ची इमारत. तिचे ३,७७२ तुकडे आणि २५ बाहुल्या त्याला पाढ्यासारख्या पाठ. अ‍ॅव्हेंजर्स टॉवर नावाच्या आणखी एका सेटचे ५,२०१ तुकडे, ३१ बाहुल्या, तेही पाठ. आई म्हणाली, “सातचा पाढा मात्र अजून अडखळतो.” हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते. आपण मुलाला लाडावून ठेवलं, या अपराधी भावनेनं ती पार थकलेली होती.

पहिल्या भेटीत माझा अंदाज चुकला. मला वाटलं, व्हिडिओ पाहून पाहून मागणी वाढते आहे. ते पाहणं दिवसाला अर्ध्या तासावर आणा, एवढंच मी सुचवलं. त्यांनी ते मनापासून पाळलं. दोन आठवड्यांनी आले तेव्हा व्हिडिओ कमी झाले होते, मागणी जिथल्या तिथे होती.

मग मी सांगितलं, पुढच्या वेळी तो सेट घेऊन या.

आला तो बुटांच्या खोक्यात, आईच्या जुन्या ओढणीत गुंडाळून. रिक्षात तिनं खोकं मांडीवर धरलं होतं, पोटाशी. टेबलावर ठेवताना म्हणाली, “सांभाळून.” अर्णवनं ओढणी सोडायला घेतली, “अरे, सांभाळून.” मी हात पुढे केला, तेव्हा अर्णवच मला म्हणाला, “काकू, सांभाळून हं.”

मी त्याला म्हटलं, “मला या सेटमधलं काही कळत नाही. तू माझ्यासाठी रिव्ह्यू कर, अगदी पहिल्यापासून.”

पोरगा बदललाच. पाठ ताठ, आवाज खणखणीत. पिशव्यांवर आकडे असतात आणि त्या क्रमानं फोडायच्या, हे सांगितलं. बारीक तुकडे एखाददुसरे जास्तीचे देतात, तेही दाखवले. भिंतीच्या आतला लाल तुकडा बाहेरून दिसत नाही, पण तो नसता तर छत डुगडुगलं असतं, हे त्यानं नेमकं बोट ठेवून सांगितलं. इतकं बारीक पाहणाऱ्या मुलाला ‘लक्ष नाही’ म्हणणं अन्यायच आहे. शेवटी दहापैकी गुण. बाहुल्यांना नऊ. स्टिकरला चार, कारण एक वाकडा लागला आणि बाबांनी तो उचकटून परत लावला, तेव्हा तो फाटला. बांधायच्या मजेला दहा.

“आणि खेळायला?” मी विचारलं.

तो थांबला. सेटकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. “खेळायला... माहीत नाही. तो कपाटावर असतो ना.”

वाढदिवसाच्या रात्री बांधून झाल्यावर सेट हॉलमधल्या कपाटावर गेला होता. उंचावर, म्हणजे मावशीच्या धाकट्या मुलाचा हात पोहोचू नये. तुकडा हरवला तर? एवढ्या महागाची वस्तू! खोक्याच्या कोपऱ्यात एक केशरी रंगाची प्लॅस्टिकची चपटी पट्टी पडली होती. हे काय, विचारल्यावर अर्णव म्हणाला, “घट्ट बसलेले तुकडे सोडवायचं असतं ते. आई म्हणाली, लागणार नाही, ठेवून दे.”

ती पट्टी मी टेबलाच्या मधोमध ठेवली. ज्या कंपनीनं बांधायला तुकडे दिले, तिनंच सोडवायचं अवजारही दिलं होतं, आणि नेमकं तेच त्या घरात वापरलं गेलं नव्हतं.

आईबाबांशी मी वेगळं बोलले. त्यांची बाजू मला मनापासून पटत होती आणि ते मी आधी सांगितलं. परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. बँकेत नोकरी करणारी बाई चार आकडी रक्कम मोजून तीनशे तुकडे घरात आणते, तेव्हा प्रत्येक तुकडा तिला नाण्यासारखा दिसणारच. शिवाय आपण मोठे कसे झालो? रिमोटला प्लॅस्टिक, सोफ्याला कव्हर, चांगले कप पाहुण्यांना. बाबांनी स्वतःच सांगितलं, त्यांच्या मामानं दुबईहून आणलेली गाडी वर्षानुवर्षं शोकेसमध्ये होती. ती जमिनीवर चालवलेली त्यांना आठवत नाही. वस्तू जपणं हा आपल्याकडे संस्कारच होता आणि तो वाईट नव्हता.

पण ठोकळ्यांच्या खेळण्याचा जीव जोडण्या-सोडवण्यात असतो. एका आकाराचे, आठ खुंट्यांचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले, तर ते एकमेकांना ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. हा हिशेब कोपनहेगनच्या एका गणितज्ञानं मांडला आहे. आजच्या ठोकळ्याच्या जोडणीचं पेटंट १९५८चं आहे आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. म्हणजे ही वस्तू मुळात पुन्हा पुन्हा सुटण्यासाठी बनवली आहे. अर्णवच्या घरी मात्र ती तीन तासांत संपली. शेवटचा तुकडा बसला आणि हातांना करण्यासारखं काही उरलं नाही. त्याला ती संध्याकाळ परत हवी होती, आणि ती मिळवायचा एकच मार्ग त्याला माहीत होता: नवं खोकं.

त्याला वस्तू हवी आहे की वस्तूबरोबर घालवलेला वेळ, हे पाहिल्याशिवाय मी कुठल्याही मुलाला हावरा म्हणत नाही. वस्तू हवी असलेलं मूल ती मिरवतं, मोजतं, दुसऱ्याला हात लावू देत नाही. अर्णवनं सगळ्यात जास्त गुण बांधायच्या मजेला दिले होते. उत्तर त्याच्या रिव्ह्यूतच होतं.

त्याच्या पुढच्या भेटीला आजोबाही आले. ते सगळं ऐकून घेत होते. मध्येच म्हणाले, “अहो, दिवाळीत आम्ही किल्ला करायचो. चार-चार दिवस माती कालवायची, पोतं अंथरायचं, हळीव पेरायचं, कुंभारवाड्यातून मातीची चित्रं आणायची. दिवाळी झाली की मोडायचा. पुढच्या वर्षी तोच किल्ला कुणी परत केलाय का? या वर्षी राजगड, तर पुढच्या वर्षी जंजिरा.” बाबा हसले. तेही लहानपणी हेच करायचे. किल्ला मोडताना कुणाला वाईट वाटलं नव्हतं, कारण माती घरचीच होती आणि चित्रं तेवढी पुसून माळ्यावर जात. मी इतका वेळ जे समजावत होते, ते आजोबांनी दोन वाक्यांत घरात आणून ठेवलं.

त्याच दिवशी, माझ्या टेबलावर, सेट सोडवायचा ठरला. हे सोपं गेलं नाही.

आईची तयारी झाली होती, पण अर्णवची होईना. केशरी पट्टी हातात घेऊन बसून राहिला. इतके आठवडे पुढचा सेट मागणारा मुलगा, हाच सेट उघडायला घाबरत होता. मी घाई केली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला, “परत जमलं नाही तर बाबा म्हणतील, बघ, वाट लावलीस.” बाबा शेजारीच होते. ते काही बोलणार, तेवढ्यात मी मान हलवून थांबवलं. अशा वेळी मोठ्यांचं ‘नाही रे, मी कुठे म्हणतो’ हे मुलाला खोटं वाटतं.

“आधी फोटो काढूया,” मी म्हटलं. चारी बाजूंनी फोटो काढले. सूचनांचं पुस्तक आहे ना, ते पाहिलं. आणि ते हरवलं तरी कंपनीच्या संकेतस्थळावर सूचना फुकट मिळतात, हे अर्णवलाच माहीत होतं. मग त्यानं सगळ्यात सोप्या जागेपासून सुरुवात केली, एका बाहुलीच्या डोक्यावरचे केस काढले. मग एकीची टोपी दुसरीला घातली. मग छताचा एक कोपरा. वीस मिनिटांत टेबलावर ढीग झाला आणि पोरगं ढिगात दोन्ही हात खुपसून नुसता आवाज ऐकत होतं. आईनं खाली पडलेला एक तुकडा उचलला आणि काही न बोलता ढिगात टाकला. त्या दिवशी ‘सांभाळून’ हा शब्द पुन्हा आला नाही.

घरी करायला सांगितलं ते साधंच होतं. जुनी चादर अंथरून तिच्यावर बसायचं. खेळ संपला की चारी टोकं धरून उचलायची, तुकडे आपोआप गोळा होतात. पहिल्या आठवड्यात पुस्तक बाजूला. अमेरिका आणि नॉर्वेतल्या दोन संशोधकांचा २०१६ मधला एक अभ्यास आहे. लेगोचा सेट सूचनांप्रमाणे बांधल्यावर माणसं पुढच्या कल्पक कामात मागे पडली, मोकळं बांधणारी तशी पडली नाहीत. त्यातली माणसं मोठी होती, त्यामुळे मी तो मुलांवर जसाच्या तसा लादत नाही आणि सूचना वाईट असंही म्हणत नाही. क्रमानं वाचून बांधणं हे मोठं कौशल्य आहे. पण अर्णवचं ते शिकून झालं होतं.

किंमत हा शब्द खेळताना काढायचा नाही, हे आईसाठी. बाबांचं काम सगळ्यात अवघड होतं. शेजारी बसायचं आणि हात लावायचा नाही. १९७६ मध्ये वूड, ब्रूनर आणि रॉस या तिघांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला देऊन शिकवणाऱ्यानं नेमकी केव्हा मदत करावी, हे पाहिलं होतं. मूल अडेल तिथेच आणि तेवढाच हात द्यायचा, हे त्यातून मी घेतलेलं सूत्र. बाबा पहिले काही दिवस हात पाठीमागे बांधून बसत, असं अर्णवनं मला सांगितलं. फाटक्या स्टिकरची गोष्ट त्यांनी मनावर घेतली होती.

आणि रिव्ह्यू बंद करायचा नाही, असं मी मुद्दाम सांगितलं. फक्त तो पहिल्या दिवशी न करता पंधरा दिवसांनी करायचा, आणि सांगायचं की या दिवसांत या तुकड्यांचं काय काय झालं.

पुढचा रिव्ह्यू मी आईच्या फोनवर पाहिला. वर्तमानपत्राची इमारत होतीच त्यात, अर्णवच्या तुकड्यांची, चार बोटं उंच, आणि दारात स्पायडरमॅन पेपर टाकायला आलेला. मग त्याच तुकड्यांचा मेट्रोचा खांब. मग पीएमपीची बस, तिला चाकं तीन.

मागणी थांबली का? पूर्ण नाही. डिसेंबरपर्यंत पुढचा सेट नाही असं घरात ठरलं आहे आणि तो दर आठवड्याला तारीख विचारतो. नऊ वर्षांच्या मुलानं मागू नये, अशी माझी अपेक्षाही नाही. रडारड मात्र गेली. सगळ्याच मुलांचं असं नसतं, हेही सांगायला हवं. मूल मिळवण्यासाठी खोटं बोलू लागलं, घरातले पैसे घेऊ लागलं, नकार मिळाला की स्वतःला किंवा इतरांना इजा करू लागलं, किंवा मित्र, झोप, जेवण सगळंच सुटत चाललं, तर चादर अंथरून भागणार नाही. तेव्हा लवकर भेटा.

वसुबारसेच्या दिवशी आईचा फोन आला. सोसायटीच्या मागच्या बाजूला किल्ला चालू होता, आजोबा खुर्ची टाकून सूचना देत होते. मावळ्यांच्या पहाऱ्यात बुरुजावर स्पायडरमॅन उभा आहे आणि त्याचा एक हात कालच्या चिखलात गेला, असं तिनं सांगितलं. मी विचारलं, अर्णव रडतोय का? “छे,” ती म्हणाली, “तो म्हणतो लढाईत गेला. हे मात्र पिठाची चाळणी घेऊन माती चाळतायत.”