लातुरात आमच्या बिल्डिंगला थ्री फेज आहे, तरी शेजाऱ्याकडे लाईट अन् आमच्याकडे अंधार, असं का?
थ्री फेज बिल्डिंगला आहे. तुमच्या फ्लॅटला बहुधा सिंगलच. डीपीवरून (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवरून) तीन फेज म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारा अन् एक न्यूट्रल म्हणजे परतीची तार येते, मीटर रूममध्ये फ्लॅट तिन्हींवर वाटलेले असतात. डीपीवरचा एक फ्यूज उडाला की त्या फेजवरचेच फ्लॅट अंधारात.

फेज-न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, दोन फेजमध्ये सुमारे ४००. दुप्पट नाही, कारण तिन्ही फेजमधल्या व्होल्टेजच्या लाटा एकमेकींपासून १२० अंशांनी मागे-पुढे असतात.

एक फेज नसताना बोअरची थ्री फेज मोटार लावू नका, वाइंडिंग (आतलं तारेचं वेटोळं) जळतं. खरी भीती मात्र न्यूट्रल तुटण्याची: कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज ३०० च्याही वर जाऊ शकतं. काही घरांत दिवे भगभगीत, काहींत मंद दिसले तर आधी मेन स्विच बंद करा, वायरमनला फोन नंतर.