ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये २४० वॅटच्या एसएमपीएसऐवजी ५५० वॅटचा बसवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनीचा तयार डेस्कटॉप आहे, आत २४० वॅटचा एसएमपीएस (भिंतीतल्या विजेतून मशीनला लागणारी वीज तयार करून देणारा डबा) आहे, ग्राफिक्स कार्ड टाकायचंय, आणि ५५० वॅटचा लावला तर मदरबोर्ड जळेल अशी भीती वाटते.

वॅट जास्त झाले म्हणून काहीही जळत नाही. ५५० म्हणजे तो एसएमपीएस जास्तीत जास्त किती देऊ शकतो. मशीन तिला लागेल तेवढंच ओढते. व्होल्टेज दोन्हीकडे ठरलेलं असतं. बोर्ड जळतो तो चुकीच्या जोडणीने, आणि तयार डेस्कटॉपमध्ये खरी काळजी त्याचीच घ्यावी लागते. म्हणून ऑर्डर देण्याआधी कॅबिनेट उघडा आणि आत नीट बघा.

एसएमपीएसमधून तारांची एक जाड जुडी निघून मदरबोर्डच्या कडेला जाते. तिच्या टोकाच्या कनेक्टरच्या पिना मोजा. असेंबल्ड मशीनमध्ये तिथे २४ पिना असतात, बारा-बाराच्या दोन रांगांत. तारा रंगीत असतील तर पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ची, नारिंगी ३.३ची, काळी ग्राउंडची. शिवाय एक जांभळी स्टँडबायची, म्हणजे मशीन बंद असतानाही मिळत राहणाऱ्या विजेची, आणि एक हिरवी, मशीन चालू करण्याच्या सिग्नलची. हे असं दिसलं तर तुमचं निम्मं काम झालं.

पण बऱ्याच ब्रँडेड मशीनमध्ये असं दिसत नाही. डेलच्या अनेक ऑप्टिप्लेक्समध्ये तिथे ६ किंवा ८ पिना असतात, लेनोवोच्या थिंकसेंटरमध्ये १० किंवा १४, एचपीच्या ऑफिससाठीच्या मॉडेल्समध्ये आणखी वेगळंच. अशा बहुतेक बोर्डांना एसएमपीएसकडून फक्त १२ व्होल्ट हवे असतात. ५ आणि ३.३ बोर्ड स्वतःच तयार करतो आणि हार्ड डिस्कलाही एका छोट्या केबलने तोच वीज देतो. हीच कल्पना इंटेलने २०२० मध्ये एटीएक्स१२व्हीओ नावाने स्टँडर्ड म्हणून आणली, तिच्यात कनेक्टर १० पिनांचा आहे. मात्र १० पिना दिसल्या म्हणून तुमचा बोर्ड त्या स्टँडर्डचा आहे असं गृहीत धरू नका.

२४ पिनांवरून ६, ८ किंवा १४ पिनांवर जाणारे अडॅप्टर मिळतात आणि योग्य तो घेतला तर व्यवस्थित चालतात. योग्य म्हणजे तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेला. काही बोर्डांना स्टँडबायलाही १२ व्होल्टच्या आसपास लागतात, आणि साध्या एसएमपीएसची जांभळी तार देते ५. अशा बोर्डांसाठीच्या अडॅप्टरमध्ये व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट असतं. नुसत्या तारा जोडलेला अडॅप्टर तिथे लावला तर पॉवर बटण दाबूनही काही हलत नाही. आणि कनेक्टर आत बसला म्हणजे जुळला असं मुळीच नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस डेलच्या मशीनमधला कनेक्टर दिसायला हुबेहूब साध्या एटीएक्ससारखा (बाजारातल्या नेहमीच्या एसएमपीएसचं स्टँडर्ड) होता, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा होता. बाजारातला साधा एसएमपीएस त्यात सहज बसायचा आणि बोर्ड खलास व्हायचा.

मापाचं लवकर उरकतं. साधा एटीएक्स एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ उंच असतो. टॉवर कॅबिनेटमध्ये स्क्रूची भोकं जुळतात का तेवढं बघा, शिवाय आत मागेपुढे किती जागा आहे ते मोजा. स्लिम कॅबिनेटमध्ये टीएफएक्स नावाचा लांबट प्रकार असतो, ८५ बाय ६५ बाय १७५, नाहीतर कंपनीचा स्वतःचाच काहीतरी आकार. तुमचं कॅबिनेट स्लिम असेल तर एसएमपीएसचा नाद सोडा असं मी स्पष्ट सांगेन. तिथे पूर्ण उंचीचं कार्डही मावत नाही.

आता मुळात गरज आहे का ते बघू. तुम्ही कार्ड कोणतं ते लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर ठरतं. ग्राफिक्सच्या स्लॉटमधूनच ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. आरएक्स ६४०० (५३ वॅट), आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीचं मॉडेल (७० वॅट) किंवा जीटीएक्स १६५०ची बरीचशी कार्डं वेगळी केबल मागतच नाहीत. एसएमपीएसवरचं लेबल वाचा. १२ व्होल्टखाली १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघांनाही जगायचंय ते त्यातच. ६५ वॅटचा प्रोसेसर थोडा वेळ शंभराच्या पुढे जातो, तरी ५३ वॅटचं कार्ड त्यात बसतं. काही छोट्या मॉडेल्समध्ये स्लॉट पूर्ण ७५ वॅट देत नाही, तेवढं मॅन्युअलमध्ये तपासा. माझं मत विचाराल तर ब्रँडेड मशीनसाठी पहिला पर्याय हाच: एसएमपीएस तसाच ठेवून बिनकेबलीचं कार्ड.

काही कार्डांना एसएमपीएसकडून सहा पिनांची वेगळी केबल लागते. ती नाही म्हणून साटा केबलवरून (हार्ड डिस्कला वीज देणारी) ती काढून देणारा जोड कृपा करून वापरू नका. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. सहा पिनांचं सॉकेट ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. प्लॅस्टिक वितळतं ते इथेच.

आरटीएक्स ३०६०सारखं १७० वॅटचं कार्ड हवं असेल तर मात्र ५५० वॅटचा नवा एसएमपीएस घ्याच. घेताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा १२ व्होल्टचे अँपिअर बघा. चांगल्या एसएमपीएसमध्ये जवळजवळ सगळे वॅट तिथेच मिळतात. ८० प्लसचं चिन्ह भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वाया जात नाही ते सांगतं, आतले भाग किती टिकतील ते सांगत नाही. त्यासाठी वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा.

बसवताना भिंतीतला प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, मग हात घाला. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. प्रोसेसरची ४+४ पिनांची आणि ग्राफिक्स कार्डाची ६+२ पिनांची या केबल्स सारख्याच दिसतात, पण त्यांत १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात. म्हणून केबलवर लिहिलेलं वाचा आणि जोर लावू नका. मॉड्युलर, म्हणजे केबल्स काढता-घालता येणारा, एसएमपीएस असेल तर त्याच्यासोबत आलेल्याच केबल्स वापरा. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, आणि दुसऱ्या कंपनीची केबल लावून हार्ड डिस्क जाळणारे लोक खरोखर आहेत. मागे ११५/२३०चा छोटा लाल स्विच असेल तर तो तुमच्या विजेप्रमाणे आहे ना तेही बघा.

पहिल्यांदा कार्ड न लावता मशीन चालू करा. स्क्रीनवर नेहमीसारखं सगळं आलं, पंखे फिरले, की बंद करून मग कार्ड लावा. काही बिघडलंच तर कशामुळे ते लगेच कळतं. जुना एसएमपीएस स्क्रूंसकट जपून ठेवा. वॉरंटीत मशीन द्यायची वेळ आली तर ती मूळ अवस्थेतच द्यावी लागेल.