पेशी, पेश्या आणि गांधारीचा गोळा

कोथरूडहून प्रश्न आलाय: ‘डेंग्यूत पेशी कमी झाल्या म्हणायचं की पेश्या कमी झाल्या? आणि हिंदीत मांसपेशी म्हणजे स्नायू, मग आपली पेशी वेगळी कशी?’

कमी झाल्या त्या मुळात पेशी नव्हेतच, अनेकवचनाचं नंतर बघू.

पावसाळ्यात पुण्यात घरोघर हे वाक्य कानावर येतं, मागोमाग पपईचा पाला. इथे ‘पेशी’ म्हणजे प्लेटलेट, रक्ताची गुठळी करणारे बारीक कण. घाईतलं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं, पण डेंग्यूत पांढऱ्या पेशीही घटतात, आणि त्या खरोखरच्या पेशी आहेत. रिपोर्टात दोन्ही आकडे एका मायक्रोलिटरमागे दिलेले असतात: पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,०००, प्लेटलेट दीड ते साडेचार लाख. आता ‘पेशी पाच हजारांवर आल्यात’ असा निरोप आला तर काय समजायचं? पांढऱ्या असतील तर आकडा ठीक आहे. प्लेटलेट असतील तर रुग्णालयातून हलू नका. रक्तपेढीत ‘पेशींची पिशवी’ मागितलीत तर समोरचा पॅक्ड सेल, म्हणजे तांबड्या पेशी समजणार. त्या फ्रीजमध्ये २ ते ६ अंशांना असतात. प्लेटलेट २० ते २४ अंशांना, सतत हलणाऱ्या तबकावर, आणि टिकतात जेमतेम पाच दिवस.

गंमत म्हणजे हीच चूक यंत्रही करतं. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. काहींच्या रक्तात त्याने प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. यंत्र मोजतं आकारावरून, त्यामुळे असा गठ्ठा कधी पांढऱ्या पेशीत जमा होतो आणि प्लेटलेटचा आकडा खोटाच खाली येतो. मग काचपट्टीवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, किंवा सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घ्यायचं आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण त्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असतो.

प्लेटलेट पेशी का नाही? ‘केंद्रक नाही म्हणून’ हे शाळकरी उत्तर अर्धवट आहे. जिवाणूंनाही केंद्रक नाही, तरी ते पूर्ण पेशी आहेत: स्वतःचा जनुकसंच आहे, दुभंगून दोन होतात. आपल्या तांबड्या पेशीने केंद्रक टाकून दिलं, पण ती घडली अख्खी पेशी म्हणून, तेव्हा तिला तो मान राहू द्या. प्लेटलेट मात्र कधीच अख्खी नव्हती. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाची प्रचंड पेशी असते. ती न विभागता आपला डीएनए पुन्हा पुन्हा दुप्पट करते, रक्तवाहिनीत लांब धागे सोडते आणि प्रवाहात त्यांचे तुकडे पडतात, एकीचे हजाराच्या वर. ते तुकडे म्हणजे प्लेटलेट: २ ते ३ मायक्रोमीटरच्या, आयुष्य ७ ते १० दिवस. आत तंतुकणिका (मायटोकाँड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक) मात्र असतात. त्या म्हणजे फार पूर्वी दुसऱ्या पेशीत शिरून तिथेच स्थिरावलेल्या जिवाणूंचे वंशज. म्हणजे प्लेटलेटमध्ये वंशपरंपरेचा जो काही डीएनए उरतो, तो पाहुण्याचा!

आणि ही तऱ्हा सस्तन प्राण्यांचीच. कोंबडी, सरडा, बेडूक, मासा यांच्यात गुठळी करायला केंद्रक असलेल्या पूर्ण पेशी असतात. तेव्हा ‘कोंबडीच्या पेशी कमी झाल्या’ म्हणालात तर एक अक्षर बोलणार नाही.

आता कोशिकावाले. मराठी विश्वकोशात जागोजागी इंग्रजी ‘सेल’साठी ‘कोशिका’ लिहून कंसात ‘पेशी’ दिलेलं आढळतं, जणू पेशी हा घरचा गावठी पर्याय. मला हे साफ अमान्य. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात ज्या कोठड्या पाहून ‘सेल’ म्हटलं, त्या मेलेल्या पेशींच्या रित्या भिंती होत्या. प्राण्यांच्या पेशींना भिंतच नसते. वनस्पतींची सेल्युलोजची, बुरशीची कायटिनची, जिवाणूंची आणखी वेगळी. समान आहे ते पटल आणि आतला ऐवज. कोशिका रिकाम्या डब्याचं नाव सांगते, पेशी ऐवजाचं. मराठीने नेमका शब्द उचलला असताना डब्याकडे परत कशाला जायचं?

आणि शब्द तरी केवढा देखणा! (पुण्यात इथे कुणीतरी पेशव्यांना आणतोच. तो ‘पेश’ फारसी, अर्थ पुढे. कोर्टातली पेशी त्याच घरची. सोडा.) धातू पिश्. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, म्हणते ‘पिश अवयवे’: अवयव, तुकडा. ऋग्वेदातल्या गर्भाच्या सूक्तात त्वष्ट्याला, म्हणजे देवांच्या कारागिराला, विनवलंय, ‘त्वष्टा रूपाणि पिंशतु’, त्याने रूपं कोरून काढावीत. पिशित म्हणजे मांस, पेशल म्हणजे सुबक, ही त्याच कुळातली. सुश्रुत दुसऱ्या महिन्याच्या गर्भाबद्दल म्हणतो: पिंड असेल तर मुलगा, पेशी असेल तर मुलगी. आणि महाभारतात गांधारीला काय झालं? मांसपेशी, लोखंडी गोळ्यासारखी कठीण. व्यासांनी तिच्यावर गार पाणी शिंपायला लावलं, तिचे अंगठ्याच्या पेराएवढे एकशेएक भाग झाले आणि ते तुपाच्या घड्यांत ठेवले. जीवशास्त्रासाठी ‘पेशी’ सुचली ती या गर्भाच्या अर्थावरून, स्नायूवरून नव्हे, असा माझा तर्क; कोशकारांनी खुशाल नाकं मुरडावीत.

पण मग एक पंचाईत होते. पिश् म्हणजे तुकडा, तर एका गोळ्यातून तुटून निघालेली प्लेटलेट व्युत्पत्तीने सगळ्यांत अस्सल पेशी ठरते! ठरू द्या. रक्तपेढीचं कपाट व्युत्पत्तीवर चालत नाही. प्लेटलेट म्हणा, नाहीतर रक्तबिंबिका म्हणा.

हिंदीचं राहिलं. सुश्रुताच्या ५०० पेशी म्हणजे स्नायूच; हिंदीने तो अर्थ ठेवला. त्याचे ९०० ‘स्नायू’ म्हणजे बांधणाऱ्या दोऱ्या, आणि तो शब्द आपण मसलला लावून बसलो. चूक दाखवायचीच तर इथे दाखवा.

अनेकवचन: पेशी. एक मूर्ती, दोन मूर्ती. एक पेशी, अनेक पेशी, पेशींमध्ये. ‘पेश्या’ नको.