पोराला न सांगता टीव्हीवर न्यायचं का?

पत्र थोडक्यात असं आहे:

"आक्का, नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात. मुलगा 23 वर्षांचा. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग बेळगावात इंजिनिअरिंगला घातला. तिथं विषय बॅक राहत गेले, मग इयर बॅक झाला, आता वर्षभर कॉलेजचं नावच काढंना झालाय. खोलीतनं बाहेर येईना, वडलांशी बोलणं बंद, रात्रभर जागतो आणि दिवसा झोपतो. परवा म्हणाला, मी नसतो तर तुम्हाला बरं झालं असतं. मी दुपारी टीव्हीवर एका लाइफ कोच सरांचा कार्यक्रम बघते, घराघरातले वाद ते स्टेजवर बसवून मिटवतात. त्यांना मी व्हॉइस मेसेज आणि मुलाचा फोटो पाठवला होता, आता आमचं सिलेक्शन झालंय. कोऑर्डिनेटर मॅडम म्हणतात जायचं यायचं राहायचं सगळं आम्ही बघतो, फक्त मुलाला विषय सांगू नका, मुंबईला लग्नाला चाललोय म्हणून आणा, सरांना त्याची खरी रिअॅक्शन पाहिजे. मिस्टरांनाही पटलंय. पण माझं मन खातंय. नेऊ का? – एक आई"

ताई, नेऊ नका.

कारणं सांगतेच, पण त्याआधी तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य, मी नसतो तर बरं झालं असतं, हे तुम्ही मधेच लिहून पुढं गेलाय आणि मी मात्र तिथंच थांबले. हे वाक्य रागात निघालं असेल किंवा नसेल, आपण ते खरं धरूनच चालायचं. आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, बाळा, जीव द्यायचा विचार येतो का तुझ्या मनात? असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येतो ही भीती बऱ्याच आईबापांना असते, पण तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. तो काय बोलेल ते ऐकून घ्या, मधे रडू आलं तर येऊ दे, पण समजावायला सुरू करू नका. आणि तुमचं शेतीचं घर असणार म्हणून सांगते, फवारणीचं औषध घरात नाहीतर गोठ्यात ठेवलं असेल तर ते आजच कुलपात घाला आणि किल्ली तुमच्यापाशी ठेवा, घरातल्या शिल्लक गोळ्यांचंही तेच. तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, 14416 ला फोन लावायचा, आणि तेवढाही वेळ नाही असं वाटलं तर 112 किंवा सरळ जवळचं सरकारी हॉस्पिटल.

14416 म्हणजे टेलिमानस, सरकारची फुकट सेवा, 2022 च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, दिवसरात्र कधीही लावा. भाषा निवडता येते, त्यामुळं कानडी जमत नाही म्हणून अडायचं कारण नाही. पोरगा बोलायला तयार नसला तर पहिला फोन तुम्ही स्वतः करा, घरच्यांनाही ते मार्ग सांगतात.

आता त्या कार्यक्रमाचं. तुम्ही तो का बघता ते मला कळतं ताई. वर्षभर तुमचं कुणी ऐकून घेतलं नसणार. जाऊ म्हणाली असेल लाडानं बिघडवलाय, शेजारची म्हणाली असेल नजर लागली आहे, मिस्टर म्हणाले असतील दोन लावल्या की सरळ होतंय, आणि टीव्हीवर एक माणूस सूट घालून शांत आवाजात सांगतो की पोरं आळशी नसतात, आतनं मोडलेली असतात. ते ऐकून बरं वाटणारच की. डिप्रेशन हा शब्द आज आपल्याकडं गल्लीतल्या बायकांनाही माहीत आहे त्यात अशा कार्यक्रमांचा वाटा आहे, तेवढं श्रेय मी त्यांना मनापासून देते.

पण सांगणं वेगळं आणि तुमच्या पोराला तिथं बसवणं वेगळं. त्या सरांची बांधिलकी कुणाशी आहे ते बघा. डॉक्टर किंवा कौन्सिलर समोरच्या पेशंटला बांधील असतो, बंद खोलीत बसतो, ऐकलेलं बाहेर सांगत नाही, आणि पोरगा गप्प बसला तर त्या दिवशी गप्प बसू देतो. टीव्हीवर गप्प बसून चालत नाही, एपिसोड भरायचा असतो. कॅमेरा लागल्यावर पोरगा बोलला नाही तर त्याला बोलवतं करतील, वडलांचा एखादा अपमानाचा किस्सा काढतील, तो उठून जायला लागला तर मागं माईक घेऊन जातील, आणि शेवटी म्युझिक लावून बापलेकाची गळाभेट घडवतील. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिघं ट्रेननं परत येणार आणि सर पुढच्या घराच्या शूटिंगला लागणार. त्याला रात्री परत झोप नाही लागली तर फोन कुणाला करायचा हे त्या मॅडमनी सांगितलंय का तुम्हाला?

आणि विषय सांगू नका म्हणतात ना, मला खरा राग त्याचा आला. तुमचा मुलगा 23 वर्षांचा आहे, त्याच्या वतीनं हो म्हणायचा अधिकार ना तुम्हाला आहे ना मिस्टरांना. आपल्याकडं 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्यात उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो नाहीतर माहिती त्याच्या संमतीशिवाय मीडियाला देता येत नाही असं स्पष्ट लिहिलंय. तुमच्या पोराचे उपचार अजून सुरूच झाले नाहीत म्हणून ते कलम त्याला लागू होईलच असं मी म्हणत नाही, पण त्यामागचा विचार त्यालाही लागू होतोच, मन ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय ते चारचौघांत मांडायचं नाही. लग्नाला म्हणून नेलं आणि दार उघडल्यावर समोर लाइट आणि दोनशे माणसं दिसली तर तो पहिला प्रश्न तुम्हाला विचारणार, आई, तुला माहीत होतं? या घडीला घरात त्याचं बोलणं थोडंफार तुमच्याशीच उरलंय, तो धागा कुठल्याच एपिसोडसाठी तोडू नका.

बाहेरच्या देशात हे सगळं होऊन गेलंय. ब्रिटनमध्ये जेरेमी काइल नावाच्या माणसाचा असाच घरगुती भांडणांचा शो 2005 पासून चालायचा, लाय डिटेक्टर लावून कोण खोटं बोलतंय ते लोकांसमोर ठरवायचे. 2019 च्या मे महिन्यात त्या टेस्टमध्ये नापास ठरवलेला एक पाहुणा शूटिंगनंतर थोड्याच दिवसात मेलेला सापडला, आणि चॅनेलनं शो कायमचा बंद केला. पुढं 2024 ला कोर्टात चौकशी झाली तेव्हा मृत्यूचा शोशी थेट संबंध सिद्ध झाला नाही, हेही सांगायला पाहिजे. पण 2021 ला तिथल्या नियामकांनी नियम आणलाच की कार्यक्रमात येणाऱ्या माणसाची काळजी घेणं चॅनेलचं काम आहे आणि काय होऊ शकतं ते त्याला आधी सांगायचं. अमेरिकेत डॉक्टर फिल हे त्याहून मोठं नाव, 2002 ते 2023 शो चालला. त्यांची मानसशास्त्रातली डॉक्टरेट खरी आहे, पण प्रॅक्टिसचं लायसन्स 2006 नंतर त्यांनी चालू ठेवलं नाही. 2008 ला ते ब्रिटनी स्पिअर्स या गायिकेला हॉस्पिटलात भेटून आले आणि बाहेर येऊन मीडियाशी तिच्याबद्दल बोलले, घरच्यांनी विश्वासघात झाला म्हणून सांगितलं. एवढ्या शिकलेल्या माणसाचं हे, आणि आपल्याकडं लाइफ कोच म्हणवून घ्यायला कसलीच नोंदणी लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयचा, म्हणजे सरकारच्या पुनर्वसन परिषदेचा, नंबर लागतो, सायकिॲट्रिस्टला मेडिकल कौन्सिलचा. तुमच्या सरांचा कुठला नंबर आहे तेवढं त्या मॅडमना विचारून बघा.

तुम्ही म्हणाल आक्का, तू पण तर लोकांसमोरच सल्ला देतेस. बरोबर आहे, आणि म्हणूनच तुमच्या पत्रातल्या पाचसहा खुणा मी काढून टाकल्यात, तालुका सोडला तर ओळखण्यासारखं काही ठेवलं नाही, आणि तुमच्या मुलाला काय झालंय त्याचं नाव मी देत नाही, कारण मी त्याला बघितलेलं नाही. टीव्हीवर मात्र चेहरा दिसतो. आपली सोयरीक चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरपर्यंत पसरलेली, मराठी चॅनेल सगळीकडं लागतं, क्लिप व्हॉट्सॲपवर फिरणार, आणि उद्या पोरगा सावरून बेळगावात उद्यमबागला नोकरी मागायला गेला तरी ती क्लिप यूट्यूबवर असणारच.

मॅडमना फोनवर नको म्हणू नका, त्या बोलण्यात पटाईत असतात. मेसेज टाका: माझ्या सज्ञान मुलाची संमती नाही, आम्ही येणार नाही, पाठवलेला फोटो आणि आवाज डिलीट करून तसं कळवा. स्क्रीनशॉट ठेवा. कसलाही कागद सही केला असेल तर कॉपी मागा. तरी त्यांनी काही दाखवलं तर आधी चॅनेलकडं लेखी तक्रार, पंधरा दिवस वाट बघायची, मग बीसीसीसी म्हणून करमणुकीच्या चॅनेलांची तक्रार घेणारी कौन्सिल आहे, 2011 पासूनची, तिथं.

दाखवायचं कुठं म्हणाल तर बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे. ओळखीचं कुणी बघेल म्हणून पोरगा लाजत असेल तर धारवाडला डिमहान्स आहे, मनाच्या आजारांचं मोठं सरकारी हॉस्पिटल, खानापुरातनं अळणावर मार्गे जाता येतं. जाताना त्याला खरं सांगून न्या. तो येत नसेल तर पहिल्यांदा तुम्ही दोघं जाऊन डॉक्टरांना भेटून या, बरेच डॉक्टर असं भेटतात. एका भेटीत फरक दिसणार नाही, गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला दोनचार आठवडे लागतात, मधेच बंद करायच्या नाहीत.

मिस्टरांनाही माझा एक निरोप द्या. हजारो लोकांसमोर बापलेकाचं बोलणं सुरू व्हावं म्हणून तुम्ही मुंबईला जायला तयार झालात, म्हणजे पोराबद्दल तुम्हाला वाटतंय, यात मला शंका नाही. मग त्याच्या दारात उभं राहून एकदा म्हणा की इंजिनिअर झाला नाहीस तरी चालतंय, जेवायला ये. मराठी मीडियममधनं निघून एकदम इंग्लिश लेक्चर आणि हॉस्टेलला कानडी, यात आपल्या भागातली किती पोरं घुसमटतात, त्याला एकट्याला अपयशी ठरवू नका. तो लगेच येणार नाही कदाचित. दुसऱ्या दिवशी परत म्हणा.

बाकी जे काही होईल ते मला कळवा, छापायला नको असेल तर वर तसं लिहा, मी छापणार नाही.

– आक्का