गोळ्या घरपोच आल्या, तपासणी मात्र राहून गेली

ताई, तुमचा प्रश्न वाचला. नवरा एचआयव्ही पॉझिटिव्ह, तुम्ही निगेटिव्ह. ते हर्णै बंदरात ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. कोरोनात त्यांच्या गोळ्या मधेच तुटल्या आणि तुमची तपासणी तर कितीतरी महिने झालीच नाही. परत कुठली साथ आली आणि सगळं बंद झालं तर मी स्वतःला कशी जपू, असं तुम्ही विचारलंय. मी रत्नागिरी जिल्ह्यात एचआयव्हीची समुपदेशक म्हणून काम केलंय, त्या दोन वर्षांतही करत होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. त्यांची रोजची गोळी ही त्यांच्याइतकीच तुमचीही राखण आहे. २०११ साली एचपीटीएन ०५२ नावाच्या अभ्यासाचे निकाल आले. त्यात ९ देशांतली १,७६३ जोडपी होती, पुण्याची आणि चेन्नईचीही. ज्यांचे उपचार लवकर सुरू झाले त्यांच्या जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण तब्बल ९६ टक्क्यांनी कमी निघालं. पुढच्या अभ्यासांनी तर स्पष्टच दाखवलं, की गोळ्या न चुकता चालू असतील आणि व्हायरल लोडमध्ये, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणाऱ्या तपासणीत, विषाणू सापडत नसेल, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. पण गोळी बंद पडली की काही आठवड्यांतच विषाणू परत वाढू लागतो, आणि त्या काळात माणूस बाहेरून ठणठणीत दिसतो. म्हणून खंड पडला असेल तर गोळ्या पुन्हा सुरू होऊन व्हायरल लोडचा रिपोर्ट चांगला येईपर्यंत निरोध हवाच. ‘आता परत चालू केल्यात ना’ एवढ्यावर भागत नाही.

आता कोरोनात नेमकं काय झालं ते सांगते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा नॅकोने, म्हणजे केंद्र सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेने, सूचना काढल्या होत्या, की तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम द्या आणि माणूस जिथे अडकलाय तिथल्या जवळच्या एआरटी सेंटरवरून, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्रातून, द्या. सगळीकडे ते सारखं पोचलं नाही, तुमच्या घरी नाहीच पोचलं. तरी बऱ्याच जणांच्या गोळ्या चालू राहिल्या. थांबला तो प्रतिबंध. जगभर तेच झालं. ग्लोबल फंड ही एचआयव्ही, टीबी आणि मलेरियासाठी पैसा देणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या आकड्यांनुसार ती मदत करते त्या देशांत २०२० मध्ये उपचारावरची माणसं वाढली, पण एचआयव्हीच्या तपासण्या २२ टक्क्यांनी आणि प्रतिबंधाच्या कामातून गाठलेली माणसं ११ टक्क्यांनी घटली. ज्याला आजार आहे त्याचं नाव यादीत असतं, त्याला शोधून गोळी देता येते. तुमच्यासारख्या निगेटिव्ह बाईचं नाव कुणाच्या यादीवर ठळक नसतं.

कोकणात याला आणखी एक बाजू आहे, आणि ती वरच्या कार्यालयांत कुणाच्या फारशी ध्यानात येत नाही असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे माणूस जवळच्या केंद्रात तपासणीला जात नाही. दापोलीचा खेडला जातो, खेडचा चिपळूणला, आणि कित्येक चाकरमानी गोळ्या मुंबईतूनच घेतात. कारण गावात नर्स ओळखीची, मेडिकलवाला वाडीतलाच. लांब जाता येणं हीच आपली गुप्तता. एसटी बंद झाली, जिल्ह्याच्या नाक्यावर ई-पास मागू लागले, तेव्हा ती गुप्तताच गेली. औषधाचा साठा असूनही माणसं आली नाहीत ती त्यामुळे.

त्या मे महिन्यात गावी आलेल्यांना शाळांमध्ये चौदा-चौदा दिवस ठेवत. एका बाईने तिथे गोळ्यांची बाटली कुणी वाचू नये म्हणून सगळ्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून पिशवीच्या तळाला ठेवल्या. पाऊस सुरू झाला, भिंतींना ओल आली आणि पुडीतल्या गोळ्या दमट होऊन एकमेकींना चिकटल्या. तिला नवीन मिळेपर्यंत खंड पडला. म्हणून सांगते, गोळ्या मूळ बाटलीतच ठेवा, आतली ओल शोषणारी पुडी टाकू नका. लोकांच्या नजरेची भीती असेल तर वरचं लेबल काढा, पण औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख कुठेतरी लिहून ठेवा.

त्यात ३ जूनला निसर्ग वादळ आलं. मंडणगड-दापोलीत कित्येक दिवस वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. घरपोच गोळ्यांची सगळी व्यवस्था फोनवर चाललेली, ती तिथेच अडकली. त्यामुळे पुढच्या वेळी फोनच्या भरवशावर राहू नका. त्यांच्या एआरटीच्या पुस्तकाचा फोटो काढा आणि एक छापील प्रतही घरात ठेवा, कारण मोबाइल बंद पडू शकतो. मूळ पुस्तक त्यांच्याबरोबर बोटीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत. एक महिन्याच्या गोळ्या नेहमी शिलकीत राहतील असं सेंटरवर आत्ताच बोलून घ्या, डॉक्टर बहुधा ऐकतात. निरोध आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात, फुकट मिळतात, तिथूनच जास्तीचे आणा, म्हणजे वाडीतल्या दुकानात जायला नको.

निरोध फाटला आणि त्यांच्या गोळ्यांत खंड पडलेला असेल, तर ७२ तासांच्या आत पीईपी, म्हणजे संबंधानंतर लागण टाळण्यासाठी घ्यायचं औषध, सुरू करता येतं, तेही जितकं लवकर तितकं चांगलं. २८ दिवस रोज घ्यायचं असतं. यासाठी सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं. सकाळची ओपीडी उघडायची वाट बघत बसू नका. कोरोनात सिव्हिलमध्ये जायलाच लोक घाबरत आणि तेवढ्यात ते तास निघून जात. नाक्यावर पोलिसांनी अडवलं तर ‘तातडीचं औषध आणायचंय’ एवढं पुरे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय कुणी तुम्हाला स्थिती उघड करायला भाग पाडू शकत नाही.

प्रेपबद्दलही तुम्ही विचारलंय. निगेटिव्ह माणसाने आधीपासून रोज घ्यायची ती गोळी. मुंबई-पुण्यात खासगी डॉक्टर लिहून देतात. आधी एचआयव्ही, मूत्रपिंड आणि हिपॅटायटिस बीची तपासणी लागते, पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी. त्यांचा व्हायरल लोड दबलेला असेल तर तुम्हाला तिची गरज बहुधा पडणार नाही. पण ते महिनोन्‌महिने बाहेरच्या बंदरांत असतात आणि गोळ्यांचं खरंखोटं तुम्हाला कळत नाही, असंही तुम्ही लिहिलंय. तसं असेल तर डॉक्टरांशी नक्की बोला. नवऱ्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटून गप्प बसू नका, तुमच्या जिवाचा प्रश्न आहे.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ते घरी असतील. तेव्हाच व्हायरल लोडची तारीख लावून घ्या आणि त्याच दिवशी तुमचीही तपासणी करा. नंतर दर सहा महिन्यांनी तुमची तपासणी चुकवू नका. दोघांचं एकाच फेरीत होतं, फक्त आदल्या दिवशी सेंटरला फोन करून रक्त घ्यायला माणूस आहे ना, तेवढं विचारून निघा.