शिंगराची आई गेली, आता दूध कुठलं?

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली आमची घोडी व्याल्यावर चौथ्या दिवशी पोटशुळाने गेली. शिंगरू चीक प्यायलंय, पहिल्या दोन-तीन तासातच. घरी म्हैस आहे म्हणून तिचं दूध साखर घालून बाटलीने पाजतोय तर कालपासून पातळ हगतंय. काय करू? रात्री पण उठून पाजायचं का? (एक वाचक, शहादा)

उत्तर : चीक वेळेत पोटात गेलाय ना, मग अर्धी लढाई जिंकलात, कारण तो पहिल्या दिवसातच लागू पडतो, नंतर आतडं तो घेतच नाही. आता म्हशीचं दूध आधी बंद करा. घोडीच्या दुधात फॅट जेमतेम दीड-दोन टक्के, म्हशीच्यात सहा-सात, आणि गोडी मात्र घोडीच्यात जास्त, त्यामुळे आपल्याला वाटतं साखर घातली की झालं, पण घरातली साखर एवढ्या लहान शिंगराला पचतच नाही, जुलाब त्याचेच असणार निम्मे. शेजारीपाजारी बकरी असेल तर तिचं दूध द्या, शिंगरं आवडीने पितात (लीद कडक होतेय का तेवढं बघा). नसेल तर गाईचं, फॅट दोन टक्क्यांच्या आसपास येईल असं साय काढलेलं, लिटरला २० ग्रॅम मेडिकलमधली डेक्स्ट्रोज पावडर घालून, कोमट.

शिंगरू ३५ किलोचं धरलं तर दिवसाला सात-आठ लिटर लागतं, पण एकदम तिथे उडी नको, साडेतीन-चारपासून सुरू करून दोन-तीन दिवसात वाढवा. पहिला आठवडा दर दोन तासाला, हो, रात्री पण, घरातल्यांनी पाळ्या लावा.

बाटली वर धरून मान उचलून पाजत असाल तर थांबवा, दूध फुफ्फुसात जातं. शिंगरू उभं, तोंड खाली. मी तर म्हणेन परातीची सवय लावा, बोट दुधात बुडवून चोखायला द्यायचं आणि बोट हळूहळू खाली न्यायचं, दोनदा नाक बुडवून फुरफुरेल, सगळं तुमच्या अंगावर उडेल, तिसऱ्यांदा कळतं त्याला.

जुलाब चालू असताना पिणं सोडलं, मलूल झालं किंवा ताप ३९ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर डॉक्टरला त्याच तासाला बोलवा, सकाळची वाट बघू नका. दहाव्या दिवसापासून थोडा दाणा, लसूणघास तोंडापुढे ठेवा, दूध तीन महिन्यांच्या आसपास तुटेल.

आणि ती बकरी दूध देऊन परत पाठवू नका, शिंगराजवळच बांधा. आमच्याकडचं एक असंच पोरांनी अंगाखांद्यावर खेळवलं, दोन वर्षांचं झाल्यावर लाडात येऊन पुढचे दोन्ही पाय माझ्या भावाच्या खांद्यावर टाकले त्याने, हाड मोडलं. घोड्याला घोड्यासारखं वागायला माणूस नाही शिकवू शकत, गावात एखादी शांत म्हातारी घोडी असेल तर दोन महिन्यांनी तिच्यासोबत सोडा.